पाण्यात गेला तर आउट

गेल्या महिन्यात उत्तनला माझ्या शाळेतल्या एका मित्राची अंत्ययात्रा होती. चर्चच्या दारात पोचल्यावर मी चष्मा काढला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. चष्म्याशिवाय मला चार फुटांपलीकडचं काही दिसत नाही. शवपेटी म्हणजे एक तपकिरी डाग, मेणबत्त्या म्हणजे पिवळे ठिपके. मला तेवढंच दिसायला हवं होतं. ही युक्ती माझी जुनी आहे. आठवीत असताना मी ती वर्षभर वापरली होती, आणि ती पकडली होती याच मित्राने.

तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गिरगावातली एक खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला दोन खोल्यांत राहायला आलो होतो. शाळा मात्र रुळांपलीकडे, पश्चिमेला होती. चष्मा मला सहावीत लागला. पहिला चष्मा बाकावर ठेवला असताना त्यावर मीच बसलो. दुसरा चष्मा बॅटिंग करताना बॉल लागून फुटला. तिसरा आणून देताना बाबांनी आवाज न चढवता सांगितलं, "हा फुटला की तुझं क्रिकेट संपलं." बाबा बोललेलं कधी विसरत नसत, त्यामुळे मी उपाय शोधला. बॅटिंगला जाताना चष्मा कंपासपेटीत ठेवायचा आणि कंपासपेटी दप्तरात.

चष्मा सुरक्षित राहिला. बॉल मात्र दिसेनासा झाला.

गंमत म्हणजे हे कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी तसाही वाईटच खेळायचो. क्रिकेट मी वाचनालयातल्या एका पुस्तकावरून शिकलो होतो. पुढचा पाय कुठे टाकायचा, कोपर किती वर ठेवायचं, हे मी वहीत आकृती काढून समजावून सांगू शकत असे. मैदानात मी आकृतीप्रमाणे पाय टाकायचो, कोपर उचलायचो आणि बॉल कधी येतोय याची वाट बघत उभा राहायचो. बहुतेक वेळा तो येऊन गेलेला असायचा. वर्गाने मला नववा खेळाडू म्हणून ठेवलं होतं, कारण नऊ जणांच्या टीममध्ये नववा कोणीतरी लागतोच, आणि नियम लिहिण्याचं काम मी फुकट करायचो.

नियम लिहिणं गरजेचं होतं. आमचं मैदान म्हणजे शाळेमागचं, बांध फुटून बंद पडलेलं जुनं मिठागर. बॅट्समनच्या पाठीमागे शाळेची भिंत, समोर आणि दोन्ही बाजूंना सपाट, भेगाळलेली जमीन. लांब टोकाला खाडीचं थोडं पाणी साचलेलं असे. तिकडचा चिखल गुडघाभर, त्यात उतरायला कोणी तयार नसे. म्हणून मी दोनशेपानी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: नियम सात. बॉल पाण्यात गेला तर आउट, आणि ज्याने मारला त्यानेच काढून आणायचा. या नियमाचा मला फार अभिमान होता.

हा मित्र माझ्याच बाकावर बसायचा. उत्तनहून बसने यायचा, घरची मासेमारीची होडी होती. भूमितीत त्याला काही कळत नसे आणि त्याचं त्याला दुःखही नसे. मला तो "मास्तर" म्हणायचा. बॅटिंगमध्ये त्याला एकच गोष्ट यायची, ती म्हणजे मारणं. समोर कोण बॉलिंग करतोय हे तो बघायचासुद्धा नाही. बॅटिंगला जाण्याआधी तो फक्त एक तयारी करायचा. नळाखाली हात ओला करून केसांचा भांग पाडायचा, डावीकडून, सरळ रेषेत. मी एकदा विचारलं की हे कशासाठी. तो म्हणाला, "आउट झालो का सगली आपल्याकडंच बगतात. मग बरा दिसाया नको?"

आउट होण्याची एवढी व्यवस्थित तयारी केलेला दुसरा बॅट्समन मी पाहिलेला नाही.

आठवी 'अ' विरुद्ध आमची आठवी 'ब' अशी मॅच ठरली. जो वर्ग जिंकेल त्याला मधल्या सुट्टीत पुढचं वर्षभर मैदान मिळणार होतं. आमच्या कॅप्टनने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की या वेळीही मी शून्यावर गेलो, तर पुढच्या मॅचपासून मी कायमचा अंपायर. म्हणजे चष्मा घातला तर बाबा क्रिकेट बंद करणार, आणि नाही घातला तर कॅप्टन.

मॅचसाठी रविवार ठरवताना आम्ही चाचणी परीक्षेचं वेळापत्रक पाहिलं, कोणाच्या घरी लग्न आहे का ते पाहिलं. कॅलेंडरात त्या दिवशी पौर्णिमा होती, ती मात्र कोणी पाहिली नाही. मित्र चर्चमधला सकाळचा मिस्सा आटोपून बसने येणार होता, म्हणून तो टॉसला नव्हता. कॅप्टनने टॉस जिंकला आणि मोठ्या हुशारीने फील्डिंग घेतली.

मित्र आला तेव्हा 'अ' वर्गाची अर्धी बॅटिंग झाली होती. त्याने मिठागराकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि कॅप्टनला विचारलं की आपण नंतर बॅटिंग कशाला घेतली. कॅप्टन म्हणाला, किती रन करायचे ते कळतं ना. मित्र म्हणाला, "पन उधान हाय ना आज. बारा वाजता पानी हितं येल." आणि त्याने पिचपासून जेमतेम पंधरा पावलांवर बोट दाखवलं. कॅप्टनला वाटलं, हा मस्करी करतोय.

'अ' वर्गाने छत्तीस रन केले. आमची बॅटिंग सुरू झाली आणि फुटलेल्या बांधातून पाणी आत आलं. अगदी सावकाश आलं, पाहुण्यासारखं. आधी भेगा भरल्या, मग फील्डर मागे सरकत सरकत जवळ आले, मग 'अ' वर्गाचे दोघे चपला हातात घेऊन उभे राहिले. आमचे मोठमोठे शॉट मारणारे एकेक करून नियम सातने आउट झाले आणि पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून बॉल शोधायला गेले. जाताना प्रत्येकाने माझ्याकडे रागाने पाहिलं असावं. मी तेवढ्यापुरता चष्मा काढून पुसत बसलो, त्यामुळे त्रास झाला नाही.

मित्र मात्र टिकला. समोर पाणी आहे म्हणून मारायचं थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने फक्त दिशा बदलली. बॉल आला की तो अर्धा गोल फिरायचा आणि विकेटकीपरच्या डोक्यावरून शाळेच्या भिंतीवर मारायचा. भिंतीला लागला की दोन रन, हा माझाच नियम तीन. 'अ' वर्ग म्हणाला, हे चालणार नाही. वही आणली गेली. उलटं फिरून मारू नये असं वहीत कुठेच नव्हतं.

शेवटी चार रन हवे होते, एक विकेट राहिली होती आणि ती माझी होती. कॅप्टनचा चेहरा पहिल्यांदाच मला बघून खुलला. तो म्हणाला, "तुला मारता येत नाही ना, तेच पाहिजे आपल्याला. नुसती बॅट लाव. बॉल पाण्यापर्यंत जाणारच नाही." इतकी मनापासून स्तुती माझी शाळेत दुसऱ्या कोणी केली नाही.

मी कंपासपेटी उघडली, चष्मा आत ठेवला. पिचच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला मित्र चालत माझ्याजवळ आला.

"मास्तर, चष्मा काडून बॅटिंग करतंस तू? वरीसभर?"

मी हळू आवाजात त्याला बाबांचं सगळं सांगितलं. बॉल चष्म्यावर येईल, हेही सांगितलं. तो हसला नाही. त्याने खिशातून जाळं विणायचा निळा नायलॉनचा दोरा काढला, चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला आणि दोन्ही काड्यांना दोरा बांधून डोक्यामागे घट्ट गाठ मारली. "आता पडाचा न्हाय. आनी बॉलला कशाला भ्यायाचा? बॉल हाय, मासा न्हाय. चावत न्हाय."

पहिला बॉल आला आणि मी तो बघतच राहिलो. तो हिरवा होता. एका बाजूची लव झिजून गेली होती. तो मला वाटायचा त्यापेक्षा लहान होता आणि बराच हळू येत होता. मी त्याला इतका निरखून पाहत होतो की बॅट लावायची राहून गेली. कॅप्टन म्हणाला, ठीक आहे, ठीक आहे, पुढचा नुसता अडव.

पुढचा बॉल आला. तोही संपूर्ण दिसला. आता इतका स्वच्छ दिसणारा बॉल नुसता अडवायचा, हे मला जमलं नाही. पाय आकृतीप्रमाणे पडला, कोपर आकृतीप्रमाणे वर गेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बॅटच्या मधोमध बॉल बसला. तो सरळ बॉलरच्या डोक्यावरून गेला, लांब पाण्यात पडला, आणि तिथला एक बगळा उडाला.

नियम सात. आम्ही तीन रनांनी हरलो.

कॅप्टन बॅट उचलून तडक घरी गेला. तो तीन आठवडे बोलला नाही. मी पॅन्ट दुमडून बॉल आणायला निघालो, तर मित्रही पाण्यात उतरला. नियमाप्रमाणे त्याला यायची गरज नव्हती. अर्ध्या वाटेवर, गुडघाभर चिखलात, त्याने विचारलं, "दिसला ना?"

"दिसला," मी म्हणालो.

"मग झाला तर."

संध्याकाळपर्यंत गाठ सुटली नाही. ती ओढली की जास्तच आवळायची. आईने सुईने प्रयत्न केला, शेजारच्या काकूंनी काट्याच्या चमच्याने. शेवटी बाबांनी कात्रीने दोरा कापला, चष्मा उजेडात धरून दोन्ही काचा तपासल्या आणि विचारलं, हे कोणी बांधलं. मी सांगितलं. बाबा म्हणाले, "त्याच्याकडून अजून हातभर दोरा आणून ठेव." अशा रीतीने बाबांकडून माझं क्रिकेट वाचलं. कॅप्टनने मात्र शब्द पाळला आणि मला अंपायर केलं. चष्मा घालून मी बरा अंपायर झालो.

त्याचं ते माशाचं वाक्य पुढे मी नको तिथेही वापरलं. नव्वदच्या दशकात पहिल्या मुलाखतीला गेलो, समोर तीन साहेब बसलेले. मी मनात म्हणालो, मासा न्हाय, चावत न्हाय. नेमका मधल्या साहेबांचा चेहरा हुबेहूब पापलेटसारखा होता. मला हसू आलं आणि नोकरी हातची गेली. मित्राला सांगितलं तर तो उत्तनच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी पोट धरून बसला. दुसऱ्या मुलाखतीला मात्र साहेबांच्या डोळ्यांत बघून उत्तरं दिली, आणि ती नोकरी मी अजून करतोय.

तर गेल्या महिन्यात त्या चर्चमध्ये मी चष्मा खिशात ठेवून उभा होतो. शवपेटीजवळ खुर्चीवर त्याची आई बसली होती. मी जवळ जाऊन तिचा हात धरला. तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"मास्तर ना तू? चष्मा कुटं हाय तुजा? बिनचष्म्याचा काय बगशील त्याला?"

मी खिशातून चष्मा काढून घातला, आणि मग पाहिलं. निळा सूट, टाय, हातात जपमाळ. कोणीतरी केसांना चांगलं तेल लावलं होतं आणि भांग पाडला होता, उजवीकडून.

चार माणसांत मला बोलता येत नाही. तरी मी बोललो, आणि बहुतेक मोठ्याने, कारण पुढच्या बाकावरची माणसं वळली. "मावशी, भांग उलटा पडलाय."

ती वाकून पाहू लागली. मग शेजारच्या ग्लासातल्या पाण्यात तिने बोटं बुडवली, त्याचे सगळे केस मागे घेतले आणि डावीकडून, सरळ रेषेत, सावकाश भांग पाडला.

"सगली बगतात त्याला," ती म्हणाली.