थरथरणारे हात आणि इन्चार्ज मॅडम

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे ठेंगू म्हणतात. नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा बाबा म्हणाले, "सलाइन टांगायला स्टूल लागेल हो तुला!" सगळ्यांत जास्त तीच हसली होती.

पहिलं वर्ष वर्गात झकास गेलं. दुसऱ्या वर्षी वॉर्डात ड्युटी लागली आणि ठेंगूचं हसू आटलं. सकाळी युनिफॉर्म चढवला की आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून बाथरूमचा नळ सोडून ओकायची. आई म्हणायची, "नवीन नवीन सगळ्यांनाच होतं गं."

नवेपणाची भीती असती तर चार दिवसांत सरली असती. ही रोज ताजी करून वाढली जात होती. वाढणाऱ्या होत्या सर्जिकल वॉर्डाच्या इन्चार्ज मॅडम. कामात वाघीण, मान्य. पण एखाद्या विद्यार्थिनीला पेशंटसमोर फाडून खाल्ल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही.

त्या दिवशी ठेंगूला एका म्हाताऱ्या सुताराच्या हाताला सलाइनची सुई लावायची होती. शीर चांगली ठसठशीत होती. तिने पट्टा बांधला, जागा पुसली, सुई टेकवली. तेवढ्यात मागून आवाज आला, "बघा बघा, काय थरथरतेय! अगं, सुई टोचतेयस की शिलाई मारतेयस?"

अख्खा वॉर्ड हसला. सुई शिरेच्या आरपार गेली. सुतार कळवळला, हात टम्म फुगला. मॅडम त्याला म्हणाल्या, "सांभाळून घ्या आजोबा, हल्ली कुणालाही नर्स करतात."

ठेंगूने त्याची माफी मागितली आणि चादरींच्या खोलीत जाऊन बसली. श्वास पुरेना, बोटं बधिर. कॉलेजच्या बाई शोधत आल्या आणि काय म्हणाल्या? "एवढं मनाला लावून घेणार असशील तर दुसरं काहीतरी कर."

घरी हे सांगताना ती रडत नव्हती. दातओठ खात होती. "ताई, माझं जाऊ दे. मॅडमना विनोद सुचला आणि हात सुजला त्या आजोबांचा!"

दुसऱ्या दिवशीही ती ओकली. मग तोंड धुऊन गेली. पुन्हा सुई हातात, पुन्हा मॅडम पाठीमागे. ठेंगूने सुई ट्रेमध्ये ठेवून दिली.

"मॅडम, माझे हात थरथरतात. तुम्ही मागून बोललात की जास्त थरथरतात, आणि त्रास पेशंटला होतो. समोर उभ्या राहा, चुकले तर थांबवा. पण हसायचंच असेल तर मी सुई धरणार नाही."

"मला शिकवतेस?"

"नाही. शिकायला आलेय."

पुढे व्हायचं तेच झालं. उद्धट म्हणून तिला प्राचार्यांपुढे उभं केलं. माफी माग म्हणाले. तिने मागितली नाही. शिक्षा म्हणून तिला ड्रेसिंगच्या खोलीत धाडलं. दिवसभर चिघळलेल्या जखमा, पू, वास. तिथे कुणी हौसेने जात नसे.

तिथली सिस्टर अबोल होती. तिने हिचे हात पाहिले आणि म्हणाली, "थरथरू देत. मनगट टेकवून धर, आणि काय करतेयस ते पेशंटला सांगत सांगत कर." बस्स! इतकी साधी गोष्ट. ती सांगायला मॅडमची जीभ झिजली असती का?

मनगट टेकलं, बोलणं चालू राहिलं आणि हात हळूहळू ताळ्यावर आले. ठेंगू पास झाली, नोकरीला लागली. ड्युटीच्या आधी आता ओकत नाही. पहिली सुई अजूनही जरा थरथरते.

परवा मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात म्हणे जो तो सांगत होता, "त्यांच्या कडकपणामुळेच आम्ही घडलो." ठेंगू गेलीच नाही. तिच्या वर्गमैत्रिणीचा फोन आला, "अगं, जुनं किती दिवस धरून बसणार? त्यांनीच तर तुला घडवलं."

"त्यांनी नाही," ठेंगू म्हणाली. "मी घडले त्यांच्या नाकावर टिच्चून." आणि फोन ठेवला.

आई म्हणाली, "इतका राग बरा नव्हे."

ठेंगूची दुपारची ड्युटी होती. डबा उचलून ती निघाली.