सोलरच्या प्लेटांवरचे बिबडे

लोणखेड्यातले आमचे शेजारी काका स्क्रू पिळून झाला की त्याला टिचकी मारतात आणि विचारतात, "बसना का, भाऊ?" म्हणजे, नीट बसला का? छतावरच्या सोलरच्या प्लेटा आणि खालची बॅटरी त्यांनी अशीच, विचारत विचारत, स्वतः बसवली.

त्या संध्याकाळी वीज जाणार होती. आपला सोलरवरचा दिवा पाहायला काकांनी अख्खी गल्ली बोलावली होती. पण दुपार झाली तरी बॅटरी भरेना. घाम पुसत त्यांनी सगळ्या वायरी पुन्हा तपासल्या. शेवटी आम्ही दोघं छतावर गेलो. काकूंनी प्लेटांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते.

"काच रिकामीच तं पडेल व्हती!" खालून काकू म्हणाल्या.

आता काका चिडणार, असं मला वाटलं. त्यांनी एका बिबड्याला टिचकी मारली. "वाळना का, भाऊ?" मग एकेक बिबडा हलक्या हातानं उलटून पुन्हा काचेवरच ठेवला.

संध्याकाळी दिवा जरासा लागला आणि विझला. गल्ली हसली. काकांनी अंधारातच भाजलेल्या बिबड्यांची परात पुढे केली.

"खावा, आजनं ऊन यामाच शे!"