चहाच्या रंगाचे डाग
तिळाचं तेल कोमट केल्याचा वास आला की सुरतेतली, लिंबायतमधली आमची तीस वर्षांपूर्वीची खोली आठवते. मुलगी तीन महिन्यांची होती आणि तिला तेल लावताना तिच्या पोटावरचे, मांड्यांवरचे चहाच्या रंगाचे डाग मी रोज बोटाने पुसून बघायची. माझ्या अंगावर वयात आल्यापासून गाठी होत्या, गरोदरपणात त्या वाढल्या. चरबीच्या असतील, असं सगळे म्हणत. सर्दीसाठी मुलीला दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाईंनी तिचं झबलं वर केलं, डाग मोजले आणि म्हणाल्या, “बेन, अपना हाथ दिखाओ.” माझे दंड पाहून त्यांचा आवाज उतरला. “ये आपसे बच्ची में आया है. न्यूरोफायब्रोमॅटोसिस. इसकी दवा नहीं है. हर साल आँखें दिखाना, भूलना मत.” बाहेर गल्लीभर कापडाच्या लूमची खडखड चालू होती आणि मला वाटलं, हिला घेऊन असंच चालत राहावं, घरी जाऊच नये. दारातच सासूबाईंनी विचारलं, “काय सांगं डाक्टरनी?” “सर्दी शे,” मी म्हणाले. डोळे तपासायला नेलं असतं तर घरात खरं सांगावं लागलं असतं, म्हणून वर्ष झालं तरी नेलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. शाळेत घालायच्या वयात डोळ्यामागची गाठ कळली, तोवर उजवा डोळा गेला होता. आता तिच्याही दंडांवर गाठी आल्या आहेत. आईला तेव्हा कुणी काही सांगितलंच नव्हतं, असं ती प्रत्येक डॉक्टरला सांगते, आणि मी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असते.