शेवटचं कोण?

नुआला माझ्या बेकरीत यायची, पण पाव घ्यायची तिला घाई नसे. सगळ्यांना पुढे जाऊ द्यायची आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरून टकामका बघत राहायची. आयर्लंडहून स्पेनच्या आरागॉन प्रांतातल्या आमच्या या गावात इंग्रजी शिकवायला आलेली चाळिशीची बाई माझ्या दुकानात बघते तरी काय? भोचकपणा माझ्या रक्तातच आहे. शेवटी विचारलंच.

"काय गं, पावात काही खोट दिसते का?"

"नाही गं कासिल्दा. तुमच्याकडे रांग का नसते, ते बघतेय."

रांग कशाला हवी? आत येणारा विचारतो, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं, आपला नंबर त्याच्यामागे. मग खुशाल बसा, गप्पा मारा. मध्ये कुणी घुसला, तर मात्र त्याची खैर नाही.

तिचं खरं दुखणं संध्याकाळच्या वर्गाचं होतं. आम्ही मोठी माणसं, त्यात मीही, तिथे तोंडाला कुलूप लावून बसायचो. चुकलं तर? या गावात एकदा हसं झालं की नातवंडांपर्यंत पुरतं. शिकवणीचा मालक एवारिस्तो याने तिला बजावलं होतं, नाताळपर्यंत वर्ग बोलता झाला नाही तर बंद.

"घरी जाईन म्हणा," ती म्हणाली. "पण आई गेल्यापासून तिथे वाट बघणारं कुणी नाही."



सोमवारी वर्गात तिने फळा सोडला, दाराशी खुर्ची ओढली आणि आमच्याच भाषेत विचारलं, "शेवटचं कोण?"

"मी," म्हातारा सातुर्निनो सवयीने बोलून गेला.

"छान. मग तुम्हीच आधी बोला. इंग्रजीत."

"हा कसा आधी?" विधवा फेलिसा उसळली. "आत्ता तर आलाय! मी केव्हाची बसलेय इथे!" आणि रागाच्या भरात तिने सकाळी काय खाल्लं ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं. कुणी हसलं नाही. जो तो आपला नंबर सांभाळत होता. मीही बोलले, काय बोलले ते विचारू नका.

नाताळाच्या तोंडावर एवारिस्तो तपासायला आला आणि आल्या आल्या ऐटीत स्वतःच इंग्रजी झाडू लागला. सातुर्निनोने काठी आपटली.

"तुम्ही शेवटचे!" तो चक्क इंग्रजीत ओरडला. "आधी आम्ही!"

मालक निमूट बसला. त्याचा नंबर येईपर्यंत तास संपला, आणि वर्ग बंद करायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही.

दुसऱ्या दिवशी नुआला दुकानात आली. आज ती कोपऱ्यात गेली नाही. दारातूनच विचारलं, "शेवटचं कोण?"

"मी," फेलिसा शेजारची खुर्ची सरकवत म्हणाली. "ये, बस. केव्हाची तुझी वाट बघतेय."