दीपमाळेची दुसरी ओळ

आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला, पिंपळाच्या पाराशी, एक फळा होता. त्यावर गल्लीची बातमी मी लिहीत असे. छापखान्यात मुद्रितशोधकाची नोकरी होती आणि अक्षर बरे होते, म्हणून हे काम माझ्याकडे आले. सकाळी गंगेवरून, आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात, परतल्यावर कालचा मजकूर ओल्या फडक्याने पुसायचा आणि आजचा लिहायचा. नळाला पाणी केव्हा येणार, वीज केव्हा जाणार, कोणाचे लग्न ठरले, कोण वारले. गल्ली जुनी होती आणि माणसेही. शेवटच्या प्रकारची बातमी अधिक असे.

गल्लीचे खालचे, घाटाला लागलेले घर एका तांबटांचे होते. पुढच्या खोलीत ते तांब्याचे हंडे ठोकत. मागच्या खोलीत संसार. मी दारावरून जाताना ठोकणे थांबवून ते विचारीत, "काय बातमीदार, आज कोण गेलं?"

"तुम्ही नाही."

"मग विशेष काही नाही म्हणा."

त्यांच्या दारासमोरून घाटाच्या पायऱ्या उतरत. मधल्या टप्प्यावर एक दगडी दीपमाळ होती. दिवे ठेवण्यासाठी तिच्या अंगातून दगडी हात निघाले होते, ओळीवर ओळ. दिवे त्रिपुरी पौर्णिमेलाच लागत. गल्लीला तिचा खरा उपयोग पावसाळ्यात होता. वरच्या धरणातून पाणी सोडले की सगळे दीपमाळेकडे पाहत. खालच्या पहिल्या ओळीला पाणी लागले की फुलवाले घाटावरून उठत. दुसऱ्या ओळीला लागले की खालच्या घरांतील माणसे सामानसुमान आणि आजारी माणसे घेऊन वर येत. तिसरी ओळ भिजण्याच्या आत गोदावरी गल्लीत शिरलेली असे. हे कोणी कोणाला शिकवले नव्हते. पुराच्या दिवशी एकच प्रश्न विचारला जाई, पाणी कितव्या ओळीला?

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दीपमाळ नदीकडे कलली. पुढे सिंहस्थ जवळ आला, तशी गल्लीत तिच्या जतनासाठी समिती निघाली. तांबट अध्यक्ष झाले. मलाही बोलावले होते. मी नकार दिला. बातमी लिहिणाऱ्याने समितीत नसावे, असे माझे मत होते.

काम त्यांनी मन लावून केले, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक दगडावर रंगाने आकडा घातला, दगड उतरवले, शेवाळ काढले आणि ज्या क्रमाने उतरवले होते त्याच क्रमाने पुन्हा रचले. एकही दगड बदलला नाही. फक्त खालचा पाया कुजला होता, म्हणून नवा काँक्रीटचा चौथरा घेतला आणि त्याला बाहेरून काळ्या दगडाची पट्टी बसवली. काम संपल्यावर सकाळी स्नानाला उतरलो तेव्हा लक्षात आले. पायरीवर उभे राहिले की पहिली ओळ माझ्या छातीशी येत असे. आता तिला हात लावण्यासाठी हात वर करावा लागला.

मी ओल्या पंचानेच तांबटांच्या दारात गेलो. "दीपमाळ उंच झाली."

"शोभते ना?"

"ओळी वर गेल्या. पाणी मात्र जुन्याच मापाने चढणार. पूर्वी जिथे दुसरी ओळ होती, तिथे आता पहिली आहे."

त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि दारातून दीपमाळेकडे पाहिले. "आता उतरवायची म्हणता?"

"चौथऱ्यावर खूण कोरा."

"वारशावर काहीही लिहू नये, अशी पाटी आम्हीच लावली. तिच्याच खाली आम्ही कोरायचं? लोक तोंडात शेण घालतील. तुमचा फळा आहे की. लिहा तिथे."

मी लिहिले. त्याच दिवशी उद्घाटन होते. पाहुणे यायच्या आधी समितीच्या कोणी तरी मजकूर पुसून तिथे स्वागताची रांगोळीसारखी अक्षरे काढली. शुभ दिवशी पुराचा विषय नको, असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दीपमाळेचे छायाचित्र आले, खाली समितीचे कौतुक होते. ओळींविषयी काही नव्हते. मी फळ्यावर पुन्हा लिहिले. लोकांनी वाचले, माना डोलावल्या. तिसऱ्या दिवशी पाणीपुरवठा बंद राहणार होता. ते लिहिण्यासाठी ओळींचा मजकूर मलाच पुसावा लागला.

त्यानंतर दर मृगाला मी तोच मजकूर लिहीत गेलो. पाऊस बेताचेच झाले. लोक मजकुराला सरावले आणि मग तो वाचेनासे झाले. पुढे पाराचे सुशोभीकरण निघाले. फरशी बसली, फळा निघाला, त्या जागी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स लागला. मी विचारले तेव्हा तिथला एक तरुण म्हणाला, "काका, आता सगळं मोबाइलवर येतं. खडू जपून ठेवा, हेरिटेज आहे." बाकीचे हसले.

याच सुमारास तांबटांच्या पत्नी न्हाणीत पडल्या. खुबा मोडला. मी त्यांना वहिनी म्हणत असे. मागच्या खोलीतील खाटेवरून त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलल्याशिवाय हलवता येत नसे. एका पावसाळ्यात पहिली ओळ भिजल्याबरोबर मी आग्रह धरला आणि आम्ही त्यांना वर नेले. पाणी पायऱ्यांवरच थांबले. त्या मात्र कळांनी कित्येक दिवस झोपल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडून शब्द घेतला. दुसरी ओळ भिजल्याशिवाय मला हलवायचे नाही.

पितृपंधरवडा होता. वर त्र्यंबकच्या बाजूला दोन दिवस पाऊस कोसळत होता आणि धरणाचे दरवाजे उघडल्याचे सकाळी कळले. दुपारी मी खाली गेलो. पाणी तांबडे होते. त्यातून ओंडके जात होते, एक मेलेली शेळीही गेली. पायऱ्यांवर पोरे उभी होती आणि वर ओरडून सांगत होती, "पहिलीच आहे, पहिलीच!" फुलवाले सावकाश टोपल्या आवरत होते. गल्लीत सगळी दारे उघडी होती. कोठे घाई नव्हती. मला ते बरे वाटले नाही.

तांबट हंड्यांची उतरंड फळीवर चढवत होते.

"चौघांना हाक मारा. वहिनींना उचलू."

"दुसरी कोरडी आहे, बातमीदार."

"आताच्या पहिलीचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे."

"आहे. हिला दिलेला शब्दही ठाऊक आहे. मागच्या वेळी तुम्हीच घाई केलीत."

आतून वहिनींनी विचारले, "भावोजी, पाणी कितव्या ओळीला?"

"पहिल्या."

"मग बसा. चहा घ्या."

मी आत गेलो. "वहिनी, दीपमाळ वर उचलली आहे. ही पहिली म्हणजे जुनी दुसरी."

त्या हसल्या. "दगड का कुठं चालतात, भावोजी? यांनी एकेक मोजून लावलाय. मला सगळं सांगितलंय यांनी."

तांबट दारात येऊन उभे होते. ते माझ्याकडे पाहत नव्हते. बायकोकडे पाहत होते. मग म्हणाले, "खुर्ची कुठं आहे?"

खुर्ची माळ्यावर होती. ती काढेपर्यंत कोपऱ्यातील मोरीतून आवाज आला, घशात पाणी अडकल्यासारखा. नदी पायऱ्या चढून येण्याआधी मोरीतून वर आली. काळे पाणी फरशीवर पसरले, खाटेखाली गेले. पुढच्या खोलीत हंडे तरंगू लागले आणि एकमेकांवर आपटू लागले. मी दाराशी जाऊन हाका मारल्या. पायऱ्यांवरची पोरे धावली. उंबऱ्यावरून लोट आत येत होता. मी बाहेर पाहिले. दुसरी ओळ कोरडी होती.

वहिनींना उचलले तेव्हा पाणी कमरेला होते. उंबऱ्यात पुढच्या एकाचा पाय घसरला आणि खुर्ची कलंडली. त्या पाण्याखाली गेल्या. लगेच वर काढले. त्यांनी नवऱ्याचा सदरा मुठीत धरला होता. तो दवाखान्यात सोडवावा लागला.

छातीत पाणी गेले होते. थोडे बरे वाटल्यावर मनमाडला लेकीकडे नेले. जावई रेल्वेत होता, घर कोरडे होते. त्याच थंडीत त्या तिकडे वारल्या. तांबट घर बंद करायला एकदा आले. पारापाशी थांबले, फ्लेक्सकडे पाहिले. "बातमीदार," ते म्हणाले, "लिहायला जागाही ठेवली नाही." नंतर त्यांची भेट झाली नाही.

ते घर आता एकाने घेतले आहे. पुढे पूजेचे साहित्य विकतो, मागची खोली यात्रेकरूंना देतो. काही वर्षांनी एका श्रावणात धरणातून पाणी सोडले, तेव्हा मी त्याला सांगायला गेलो. त्याने नम्रपणे ऐकून घेतले.

"काका, घाबरू नका. अजून पहिलीच ओळ आहे. इथली जुनी खूण आहे ती, दुसरी भिजेपर्यंत काही होत नाही."

"हे कोणी सांगितले?"

"सगळेच सांगतात."

मी मागच्या खोलीत गेलो. दोन म्हाताऱ्या बायका खाटेवर जेवत बसल्या होत्या. त्यांनी पाय आखडून घेऊन मला वाट दिली. मी मोरीपाशी गेलो आणि कान देऊन उभा राहिलो.