ओल असेतोवरचे घर

सज्जनहो, मातीला वाचा असते; पण ती ओली असेतोवरच बोलते. आमच्या मातीबाई जन्मभर तिला कान लावून बसल्या.

नवा महामार्ग जिथून जायचा, तिथे यंत्रांच्या आधी जायचे, चर खणायचे आणि जुन्या माणसांची खूण आहे का ते सांगायचे, ही त्यांची नोकरी. खूण पटली तर रस्ता थांबतो, नीट उत्खननाला मुदत मिळते. नाही पटली, तर वरून डांबर. घरी लेक विचारी, "आई, आज सोनं सापडलं का?" नखांतली माती काढत बाई म्हणत, "सापडलं असतं तर ही भांडी मी घासत बसले असते का गं?"

या खेपेस सापडले ते सोन्याहून हळवे होते. पिवळ्या मातीत ओळीने काळसर, गोल डाग. तिथे कधीकाळी लाकडी खांब रोवले होते. लाकूड कुजून गेले, रंग तेवढा उरला. मधोमध चुलीची भाजलेली तांबूस माती. भिंत नाही, भांडे नाही, नाव नाही. तरी ते घर होते! कुणी तिथे निजले होते, कुणी कुणाला जेवायला हाक मारली होती. तान्ह्यावर जीव जडावा तसा बाईंचा त्या डागांवर जीव जडला.

खूण खरी की नाही ते ठरवणारे पाहणीचे साहेब सकाळी यायचे होते. ते निघाल्याचा निरोप येताच बाईंनी हर्षभराने चरावरचे प्लास्टिक काढले, थापीने वरचा पापुद्रा खरवडला, सारे घर लख्ख उजळले. इथेच घात झाला. साहेब वाटेत कुठल्याशा बैठकीला थांबले. ऊन चढले. बाईंनी पुन्हा झाकेपर्यंत माती वाळली. डाग फिके झाले, पांढुरके झाले, दिसेनासे झाले.

त्या पाण्याच्या टँकरकडे धावल्या. टँकरवाला ओशाळून म्हणाला, "मातीबाई, सगळं पाणी वाटेवर मारलं हो. साहेबांच्या गाडीला धूळ लागायला नको, म्हणाले."

साहेब आले. गाडीला खरोखरच धूळ लागली नव्हती.

"कुठंय घर?"

"वाळलंय, साहेब. सकाळी दिसत होतं. हे फोटो बघा ना."

"यात मला चहाचे डाग दिसतायत, बाई."

बाईंनी आपल्या बाटलीतले पिण्याचे पाणी ओतले. एक डाग उमलला.

"हा खांब."

"एकाच खांबावर घर?" साहेब म्हणाले.

"छत्री असेल!" साहेबांबरोबर आलेले रस्त्याचे अभियंते हसले.

पुन्हा खरवडले असते, तर खालची ओल वर आली असती. पण डाग उरले होते जेमतेम बोटभर खोल, आणि चूल तर त्याहून पातळ. दाखवावे तर पुसायचे, जपावे तर दिसायचे नाही! दयाघना, हे कसले रे कोडे घालतोस लेकरांना? बाईंनी डोळे मिटले, थापी टेकवली आणि चुलीवरून ओढली. तांबडा रंग क्षणभर पेटल्यासारखा झाला आणि थापीवर निघून आला. खाली साधी पिवळी माती.

"साहेब, बघा!"

साहेब पाठमोरे होऊन फोनवर बोलत होते. बोलणे संपवून ते म्हणाले, "काही नाहीये इथं. काम सुरू करा."

खोदाईचे पोकलेन चालवायला होता बाईंचा धाकटा दीर. तो खाली उतरला, हळूच म्हणाला, "वहिनी, पोकलेन बिघडलं म्हणून सांगू का?"

"दुसरं आणतील, भावोजी. तुमचं काम तेवढं जाईल."

त्याने चरात वाकून पाहिले. मग त्याने विचारले, "वहिनी, दार कुठल्या बाजूला होतं?"

बाईंनी पलीकडे, दोन खांबांमधली रुंद मोकळी जागा हाताने दाखवली.

दीर वर चढला. त्याने पोकलेन मागे घेतले, चराला लांबचा वळसा घातला, आणि त्या बाजूने, अगदी सावकाश, आत शिरला.