सॅन हुआनच्या बुरुजावर बाबांचा फोटो कुणी काढला?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आजही नाही. तरी लिहितेय, कारण तेव्हापासून डोकं नुसतं तापलंय... आणि ‘ड्रोन असेल’ अशी कमेंट टाकणार असाल, तर आधी पूर्ण वाचा.

आम्ही सगळे अमेरिकेत. मी नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत राहते, दादा टेक्ससमधल्या प्लेनोत. आई गेल्यापासून बाबा जॉर्जियातल्या अल्फारेटाच्या घरी एकटेच. रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, वय ऐंशीच्या घरात, गुडघे कामातून गेलेले — डोकं मात्र आम्हा दोघांपेक्षा शाबूत. दादाचं म्हणणं, त्यांना प्लेनोतल्या सीनियर होममध्ये ठेवू आणि घर विकून टाकू. बाबांना घर सोडायचं नव्हतं. सगळे एकत्र आले की विषय निवळेल, म्हणून मी पोर्टो रिकोची ट्रिप काढली. कुठून अवदसा आठवली!

सॅन हुआनमध्ये बाबांना फक्त किल्ले बघायचे होते. तरुणपणी सह्याद्री पायाखाली घातलेला माणूस. सॅन क्रिस्टोबाल म्हणजे समुद्राला भिडलेला प्रचंड स्पॅनिश किल्ला. वर पोचताच बाबा तटावर हात फिरवत चुन्याबद्दल बोलायला लागले आणि दादा-वहिनी फोटोंत रमले. मीसुद्धा. किल्ल्यावर बाबांकडे लक्ष ठेवायचं आमच्या डोक्यातच येत नाही. तिथे लहानपणापासून तेच आमच्याकडे लक्ष ठेवायचे.

वळून बघितलं तर बाबा नाहीत.

शोधून शोधून दमलो. शेवटी वहिनीने खाली बोट दाखवलं. तटाच्या पार टोकाला, लाटांच्या वर, पहारेकऱ्याची एक दगडी घुमटी आहे. सैतानाची चौकी म्हणतात तिला. पूर्वी तिथले पहारेकरी गायब व्हायचे म्हणे. तिकडची वाट बंद, दाराला कुलूप. आणि बाबा त्या घुमटीतून आम्हाला मजेत हात करत होते!

किल्ल्याच्या रेंजरने कुलूप उघडून त्यांना वर आणलं. तो बिचारा ते कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत होता.

“बाबा, गेलात कसे तिकडे?” मी ओरडलेच.

“अगं, पहारेकरी घेऊन गेला, हात धरून. उपाशी वाटला, म्हणून डब्यातली अर्धी दशमी दिली त्याला.”

“बोललात कुठल्या भाषेत?”

“किल्ल्यावरच्या माणसाशी बोलायला भाषा कशाला लागते? फोटोही काढला त्याने माझा. हा बघ.”

फोटोत बाबा घुमटीच्या खिडकीतून बाहेर बघतायत. दोन्ही हात दगडावर, मागे किल्ला. म्हणजे फोटो समुद्राच्या बाजूने काढलाय... आणि तिथे उभं राहायला जागाच नाही. खाली सरळ खडक आणि पाणी. बरं, फोटो बाबांच्याच फोनमध्ये, त्यांच्याच कॅमेऱ्याने काढलेला.

दादाने धड बघितलासुद्धा नाही. “मेधा, फेस इट. ही इज वॉन्डरिंग. आता नसलेली माणसंही दिसायला लागलीत त्यांना. मी मंडेला त्या होमला कॉल करतोय.”

“आधी फोटो नीट बघ!”

“सेल्फी असेल यार!”

दोन्ही हात दगडावर असताना सेल्फी! अस्सा संताप आला! अरे, डिमेन्शियाने माणूस रस्ता विसरतो, बंद दारातून आरपार जात नाही.

परत आल्यावर दादाने हट्टाने बाबांची मेमरी टेस्ट करवली. बाबांनी सगळी उत्तरं बरोबर दिली. तेवढ्यावर गप्प बसेल तर तो दादा कसला! त्याने डॉक्टरांना मुद्दाम विचारायला लावलं — किल्ल्यावर कोण भेटलं होतं?

बाबांनी आधी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कोणी नाही,” ते हळूच म्हणाले. “मीच कुठेतरी चुकलो असेन.”

पार्किंग लॉटमध्ये त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. “तो फोटो डिलीट करून टाक, बाळा. मला माझ्या घरी राहायचंय.”

मी केला नाही. तो कुणी काढला, बाबा त्या दारापलीकडे कसे गेले, मला आजही सांगता येत नाही. पण आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस त्या दिवशी डॉक्टरांसमोर खोटं का बोलला, ते मला पक्कं ठाऊक आहे. तो पोटच्या मुलाला घाबरला होता. आणि त्यासाठी मी दादाला कधीही माफ करणार नाही.